घड्याळाखालचा बाक

आमच्या स्टेशनाची जुनी इमारत पाडायची नाही, हे ठरायला गावाला तीन बैठका लागल्या. ती वाचल्यावर तिचा इतिहास काय लिहायचा, हे ठरायला सहा. पहिल्या तीन बैठकांना आम्ही जेमतेम पंधरा माणसं होतो. पुढच्या सहांना शाळेचा हॉल भरला. इतिहास म्हटला की आमच्याकडे प्रत्येकाला आपला आजोबा आठवतो. कुणाच्या आजोबांनी इथे एका मोठ्या पुढाऱ्याच्या गळ्यात हार घातला होता, कुणाच्या आजोबांनी त्याच पुढाऱ्याला पाणी दिलं होतं. त्या पुढाऱ्याची गाडी आमच्या स्टेशनावर थांबली असेल तर मिनिटभर. तेवढ्यात त्याला सतरा जणांनी हार घातले आणि नऊ जणांनी पाणी पाजलं, असा एकूण हिशेब निघाला.

मी प्राथमिक शाळेची निवृत्त मास्तरीण. मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि चिडत होते. निम्म्या बोलणाऱ्यांना मी बाराखडी शिकवलेली, त्यामुळे चिडायचा हक्क माझ्याकडे आहे असं मी समजते.

स्टेशन म्हणजे काही मोठं नाही. मेन लाईनवरून एक छोटा फाटा फुटतो, त्यावरचं मधलं स्टेशन. साहेबाच्या काळात कापसाच्या गाठी न्यायला टाकलेली लाईन. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, तिकिटाची कमानदार खिडकी, प्लॅटफॉर्मवर दोन कडुनिंब, भिंतीवर एक गोल घड्याळ आणि त्याच्या खाली सागवानी बाक. घड्याळ कधीच बंद पडलं. बाक मात्र परवापर्यंत तिथेच होता. शेजारी नवी इमारत उभी राहिली, चकचकीत फरशीची, आणि जुनीला हात लावायचा नाही असं ठरेपर्यंत ठेकेदाराच्या माणसांनी तो बाक भंगारात काढलाही होता. चहाच्या टपरीवाल्याने तो ओढून आपल्या ताडपत्रीखाली ठेवला म्हणून वाचला. त्याचे वडील त्याच टपरीवर चहा करायचे. गाव त्यांना चाचा म्हणे, मुलालाही आता चाचाच म्हणतं.

इतिहासाच्या चौथ्या बैठकीला इमारतीची मापं घ्यायला आलेली आर्किटेक्ट मुलगी उठली आणि म्हणाली, "मोठ्या माणसांचं झालं. पण या स्टेशनात रोज काय व्हायचं?"

मग मीच उठले आणि म्हणाले, "इथे मुली पाहायचे."

पोरं हसली. पण खरं तेच होतं. आमच्या भागात मुलीला घरी जाऊन रीतसर पाहण्याआधी एक पाहणं स्टेशनावर व्हायचं. त्याला नाव नव्हतं. घरी येऊन पोहे खाऊन नकार दिला तर मुलीची गावभर चर्चा होते. दोनदा तसं झालं की तिसरं स्थळ येताना दहा वेळा विचार करतं. म्हणून ही युक्ती. मुलाकडची मंडळी सकाळच्या गाडीने उतरायची. गाडी पुढे शेवटच्या स्टेशनापर्यंत जाई आणि पाऊण तासाने तीच परत येई. तेवढ्या वेळात पाहणं उरकायचं. मुलगी घड्याळाखालच्या बाकावर बसलेली असे, जणू गाडीची वाट पाहतेय. तिचा बाप स्टेशनाबाहेर चाचांच्या टपरीवर उभा, जणू त्याचा कुणाशी काही संबंध नाही. मुलाकडची एखादी बाई जाऊन बाकावर टेकायची आणि गाडी किती वाजता येते असं विचारून बोलणं काढायची. मुलगा दूर कडुनिंबाखाली. पसंत पडली तर मंडळी बाहेर टपरीवर जायची, चाचा विचारायचे, "चहा लेते क्या?" आणि ती हो म्हणायची. गाडी गेली तर जाऊ दे, संध्याकाळची आहे. पसंत नसेल तर म्हणायचं, "नको, गाडीची वेळ झाली." आणि आल्या गाडीने परत जायचं. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही. मुलगी उठून घरी जायची. फार शहाणी रीत होती, मला आजही वाटतं.

मी बसले तर टाळ्या वाजल्या. असल्या टाळ्यांचं काय होतं ते मला माहीत असायला हवं होतं. काम माझ्याच गळ्यात पडलं. बाक पुन्हा जागेवर ठेवायचा आणि शेजारी एक पाटी लावायची, दहा ओळींची. "बाई, तुम्हीच लिहा. तुमचंही तिथंच जमलं म्हणतात ना?"

हो, माझंही तिथंच जमलं. आणि म्हणूनच ती पाटी मला लिहिता येईना.

आता ते सांगते. चाळीसहून जास्त वर्षं झाली. मी वीस वर्षांची, सावळी, चष्मा लावणारी आणि तोंडाने फटकळ. मला पाहायला तोवर कुणी आलं नव्हतं; आमच्या घरात माझा नंबर मोठ्या बहिणीच्या नंतर होता. त्या दिवशी मी डी.एड.च्या मुलाखतीला निघाले होते. भाऊ मला सोडून परत गेला. बाकावर शेजारच्या कुठल्याशा गावची एक गोरीपान मुलगी हिरव्या साडीत खाली मान घालून बसलेली. मी गेले तशी ती उठली. "बस ताई, मी पाणी पिऊन येतो," म्हणाली आणि नळाकडे गेली. आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. मी बसले.

थोड्या वेळाने एक जाडजूड बाई शेजारी येऊन टेकली. गाडी किती वाजता, तिने विचारलं. मी सांगितलं. मग तिने विचारलं, "चष्मा कधीपासून लागला?" आणि मला कळलं. गाडीची वेळ विचारणारी बाई चष्म्याची चौकशी करत नाही. ही पाहायला आलीय, त्या हिरव्या साडीवालीला, आणि मी तिच्या जागेवर बसलेय. त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, मावशी, ती मी नाही, ती नळावर गेलीय. एवढं एक वाक्य.

मी ते बोलले नाही. का नाही, हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. दहा मिनिटांत माझी गाडी येणार होती, मग ही बाई कोण आणि मी कोण! गंमत वाटली. आणि खरं सांगायचं तर, कुणीतरी मला पाहायला बसलंय हे मला आवडलं. तिने विचारलं, भाकरी येते का? मी म्हणाले, "येते. पण पीठ शिळं असलं तर माझ्या नावाने खडे फोडू नका." तिने विचारलं, शिकून काय करणार? मी म्हणाले, "तुमच्या नातवंडांना बाराखडी शिकवीन, आणखी काय?" बाई खो खो हसली आणि उठून बाहेर टपरीकडे गेली. माझी गाडी आली, मी चढले. नळाकडे मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित बोलावं लागलं असतं.

बाहेर त्यांनी चहा घेतला. त्या हिरव्या साडीवालीच्या वडिलांना वाटलं, आपली मुलगी पसंत पडली. आठ दिवसांनी मंडळी त्यांच्या घरी रीतसर पाहायला गेली. घराला चुना लावलेला, अंगणात सतरंजी, शेजारपाजारची माणसं जमलेली. पोहे घेऊन मुलगी बाहेर आली आणि ती जाडजूड बाई, म्हणजे मुलाची आत्या, भर बैठकीत म्हणाली, "ही नाही. बाकावरची आणा." घरात दुसरी मुलगीच नव्हती. जी रीत मुलीला नकार ऐकावा लागू नये म्हणून होती, तिनेच त्या मुलीला सगळ्या गावासमोर नकार ऐकवला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते असं.

मग आत्याने चाचांकडे चौकशी केली, चष्मेवाली कोण? चाचांना सगळं गाव माहीत. त्यांनी घर सांगितलं. महिनाभराने मंडळी आमच्याकडे आली. आमच्या घरी बहिणीचं आधी ठरलं, मग माझं झालं. दुसऱ्याची जागा, दुसऱ्याचा मुहूर्त. आयत्या बिळावर नागोबा म्हणजे मीच. त्या मुलीचं घाईघाईने लांब बीबी गावाकडे एका बिजवराशी लग्न लावून दिल्याचं मी ऐकलं. तिला मी नंतर कधी पाहिलं नाही.

माझ्या नवऱ्याला हे सगळं विनोदी वाटायचं. भांडण झालं की म्हणायचे, "मले कोन चुकून देली बे ही?" एकदा मी विचारलं, मी गाडीत चढताना तुम्हाला दिसले नाही का? तर म्हणाले, "दिसली ना. मले वाटलं, मामाच्या घरी धाडून राह्यले असतीन." आणि हसत बसले. ते जाऊन तीन वर्षं झाली. चांगला माणूस मिळाला मला. म्हणूनच तर जास्त टोचायचं. वाईट मिळाला असता तर चोरी फिटली असती.

तर ती पाटी. मी दहा ओळी लिहिल्या, गोड, शाळेच्या निबंधासारख्या. 'या बाकावर अनेकांचे संसार जुळले.' वाचलं आणि फाडून टाकलं. त्याच बाकावर एकीचा मोडला, ते कोण लिहिणार? लिहायचं तर तिला विचारायला हवं होतं. आणि विचारायचं तर आधी कबूल करायला हवं होतं की मला ठाऊक होतं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, मी बिचारी अजाण बसले होते.

पत्ता धाकट्या चाचांनी काढून दिला. नवरा गेल्यावर ती मुलाकडे मोताळ्याला राहते, मुलाचं बी-बियाण्याचं दुकान आहे. मी एस.टी.ने गेले, नेमका बाजाराचा दिवस. दुकानात गर्दी. मागे घर होतं. ओट्यावर एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. केस पांढरे, पण रंग तोच. चाळीस वर्षांनी माफी मागायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. तरी गेले.

"कोन पाह्यजे?" तिने विचारलं.

"स्टेशनावर तुम्ही मला जागा दिली होती," मी म्हणाले. "घड्याळाखाली."

तिने शेंगा खाली ठेवल्या. माझ्याकडे नीट पाहिलं. "चष्मा बदलवला तुम्ही," म्हणाली. "तवा काळ्या काडीचा होता."

मी तिथेच, उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर धीर गेला असता. की मला दुसऱ्याच प्रश्नाला कळलं होतं. की मी बोलू शकले असते. की मी गंमत म्हणून गप्प बसले, आणि त्या गमतीत तुमचं सगळं गेलं. मी रडले. शाळेत चाळीस पोरांसमोर आवाज न कापलेली मी, तिथे ओट्यासमोर उभी राहून रडले.

ती उठली. आत जाऊन पाणी आणलं. मी प्यायले. मग म्हणाली, "मले बी मालूम होतं."

"काय?"

"मी नळापाशी उभी होती ना. तिथून सारं दिसे. ती बाई तुमच्याशी बोलून राह्यली होती, आन् तुम्ही असे पटापट जबाब देऊन राह्यले होते. मले हासू आलं. म्हटलं, बोलू दे, एवढी वेळ तरी माह्या मानेवरचं उतरलं. त्याच्या आधी चार गाड्या गेल्या होत्या माह्यासाठी. चारी वक्ती चहा नाही. मी खाली मान घालून बसो, बाई येऊन बसे, उठून जाये. त्या दिवशी माह्यानं बसवलंच नाही, म्हणून उठली."

"मग चहा झाला तेव्हा सांगायचं होतं ना!" मी म्हणाले. गुन्हेगार मी, आणि जाब मीच विचारत होते. मास्तरकी कुठेही जात नाही.

"सांगनार होती. बाहेर गेली तं बाबा हातात कप धरून उभे. त्याईच्या डोळ्यात पानी. चार गाड्यांनंतर चहा झाला ना. मले म्हणे, 'बाई, झालं वो तुह्यं.' आता त्याईले कोन्या तोंडानं सांगाव का त्याईनं दुसरीले पाह्यलं?" तिने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. "मंग आठ दिवस घराले चुना चालू होता. बाबा सोता लावून राह्यले होते. मी रोज म्हणो, आज सांगतो. नाही सांगतलं. मले वाटलं, येतीन तं येऊ दे. जवळून पाहतीन, तं आवडीन बी मी. काऊन नाही आवडनार?"

मी तिच्याकडे पाहू शकले नाही. आठ दिवस ती मुलगी चुन्याच्या वासात ही आशा धरून बसली होती, आणि मी तेव्हा डी.एड.ला नाव लागलं म्हणून पेढे वाटत होते.

"म्हणजे तुमची काहीच चूक नाही," मी म्हणाले.

"तुमची आहे," ती म्हणाली. साधेपणाने, शेंगा पुन्हा मांडीवर घेत. "माही बी आहे. दोघी बी गप्प बसलो. तुमाले फायदा झाला, मले नाही झाला, एवढंच. माहा मालक वाईट नोता, पर त्याचं मन पह्यलीतच होतं. चालले दिवस." मग शेंगेतून दाणे काढत, खाली बघूनच तिने विचारलं, "तो कसा होता?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी खोटं बोलणार होते. म्हणणार होते, असाच होता, साधारण. पण एकदा गप्प बसून काय झालं ते समोर दिसत होतं. मी खरं सांगितलं. चांगला होता. हसरा होता. कधी हात उगारला नाही. झोपेत घोरायचा, वांगं खायचा नाही, आणि मी आजारी पडले की माझ्यापेक्षा जास्त घाबरायचा. तिने सगळं ऐकून घेतलं. "वांगं नाही खाये?" एवढंच म्हणाली. "माह्या हातचं खाल्लं असतं."

निघताना मी पाटीचं विचारलं. ती म्हणाली, "नाव नका टाकू. बाकी काही बी लिहा. बाबा आता नाहीत, मी बी कितीक दिवसाची?"

पाटीवर मी शेवटी चारच ओळी लिहिल्या: इथे मुली पाहत, चहा घेतला तर होकार, गाडी पकडली तर नकार, कुणाचा अपमान होऊ नये म्हणून ही रीत होती, तरी कधी कधी झाला. कमिटीतल्या एकाने शेवटची ओळ काढा म्हणून सांगितलं, शोभत नाही म्हणाला. तो माझा तिसरीतला विद्यार्थी. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ओळ राहिली.

मागच्या महिन्यात बाक जागेवर ठेवला. पॉलिश करू नका म्हणून मी त्या आर्किटेक्ट मुलीच्या मागे लागले होते, तिने ऐकलं. घड्याळ अजून बंदच आहे. मी मोताळ्याला फोन केला, या म्हटलं. वाटलं नव्हतं येईल. मुलाने मोटरसायकलवर आणून सोडलं, सकाळच्या गाडीच्या वेळेला. डोक्यावर पदर, पायात नव्या चपला. पाटी तिने वाचली नाही. चष्मा आणला नव्हता. मीच वाचून दाखवली. शेवटच्या ओळीला तिने मान हलवली.

दोघी बाकावर बसलो. ती घड्याळाखाली, मी शेजारी. आता फाट्यावर दोन डब्यांची गाडी धावते. ती आली, पुढे गेली. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, सुनांबद्दल बोललो. पाऊण तासाने गाडी परत आली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आणि मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं, की त्या सगळ्या रीतीत चहा पुरुष प्यायचे, आत्या-मावश्या प्यायच्या, पण बाकावरच्या मुलीला कधी कुणी चहा दिला नव्हता. मी उठले. गुडघे कुरकुरले. बाहेर टपरीवर गेले. धाकट्या चाचांनी बापासारखंच विचारलं, "चहा लेते क्या?"

"दोन," मी म्हणाले. "आणि मी नेते."

मी चहा घेऊन आत आले, तिच्या हातात एक दिला आणि तिच्याशेजारी बसले. गार्डाची शिट्टी झाली. गाडी हलली. ती कप दोन्ही हातांत धरून गाडीकडे बघत राहिली, शेवटचा डबा कडुनिंबाच्या पलीकडे जाईपर्यंत.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली."

"आन् आपन चहा पिऊन राह्यलो," ती म्हणाली, आणि पहिला घोट घेतला.